चादरीतली गाठ

दुकानदाराने लुसलुशीत परदेशी ब्लँकेट पुढे सरकवलं. "हेच न्या ताई, या सोलापुरी चादरीपेक्षा कितीतरी स्वस्त." मी दोन्हींवरून अंगठा फिरवत राहिले.

माझे वडील, अण्णा, सोलापुरात मागावर चादरी विणायचे. धागा तुटला की माग थांबवून गाठ मारायचे. कुणाकडे मुक्कामाला गेलो की आधी अंथरुणावरची चादर उलटून गाठ चाचपायचे. गाठ लागली की "आपल्याकडचीच आहे," म्हणायचे आणि निवांत झोपायचे. पुढे माग भंगारात गेला, पाठोपाठ अण्णाही गेले.

ब्लँकेटवर अंगठा कुठेच अडला नाही. चादरीवर एका जागी अडला.

"गाठ आलीय का? थांबा, दुसरी देतो."

"नको, हीच बांधा," मी म्हटलं. त्या गाठीपाशी कुणाचे तरी अण्णा क्षणभर थांबले होते.