शिवणबाईंचे गठ्ठे

आमच्या शाळेत त्यांना सगळे शिवणबाई म्हणायचे. मुलं, शिपाई, पालक, खुद्द मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिकासुद्धा. सत्तावीस वर्षं त्यांनी शाळेत शिवण शिकवलं. पाचवी ते सातवी, मुलगे असोत की मुली, सगळ्यांना. मीही त्यांच्या हाताखालून गेलेलो. काज करताना माझ्या बोटांचा गोंधळ झाला की त्या लाकडी पट्टी टेबलावर आपटून विचारायच्या, "हात आहेत की फावडी?" पुढे मी त्याच शाळेत भूगोल शिकवायला लागलो, तेव्हा मुलांसमोर त्या मला "सर" म्हणायच्या आणि मुलं पांगली की लगेच, "अरे, कॉलर बघ तुझी. बायकोला इस्त्री येत नाही की तुला?"

मग शिवण हा विषय बंद झाला. वेळापत्रकात बसत नाही, पालकांना नको आहे, अशी कारणं दिली गेली. उजेडाची, मोठ्या खिडक्यांची ती खोली रिकामी केली. सहापैकी चार मशिनं भंगारात गेली. खोलीला निळा रंग लागला, भिंतभर जगाचा नकाशा आला आणि दारावर पाटी: जागतिक प्रश्न मंच. मंचाचा प्रमुख मी.

बाईंच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. त्यांना कोठीत बसवलं. खडू, डस्टर, प्रयोगशाळेचे कोट द्यायचे, चावी सांभाळायची. उरलेली दोन मशिनं त्यांनी हट्टानं कोठीच्या कोपऱ्यात नेली. त्या खोलीचं त्यांना किती लागलं ते मला माहीत होतं. त्या निळ्या दारासमोरून जावं लागू नये म्हणून त्या मागच्या जिन्यानं यायच्या.

मंच दरवर्षी एक प्रश्न घ्यायचा. त्या वर्षी दूरच्या एका देशात लढाई चालली होती, माणसं ऐन थंडीत तंबूंत राहत होती. मंचाची अध्यक्षा दहावीतली मुलगी होती, चुणचुणीत, बोलायला लागली की समोरच्याला ऐकावंच लागायचं. तंबूत बसलेल्या एका लहान मुलीचा फोटो बघून ती वर्गात खरोखर रडली होती. हे मी मुद्दाम सांगतोय. पोरगी नाटकी नव्हती.

तिनंच सुचवलं, गरम कपडे गोळा करू. दोन आठवडे फाटकाशी खोकी ठेवली. गाड्यांच्या डिक्क्या उघडून पालकांनी पिशव्याच्या पिशव्या टाकल्या. सगळा ढीग कोठीत गेला, कारण निळ्या खोलीत पसारा नको होता.

बाईंनी पहिली पिशवी उघडली तेव्हा मी तिथेच होतो. टिकल्या लावलेला पार्टीचा झगा निघाला. मग एकच पायमोजा. पोहण्याचा पोशाख. बगलेत फाटलेला शर्ट, त्याच्या खिशात बसचं तिकीट तसंच.

"हे मदत म्हणून पाठवलंय की घर झाडून काढलंय?" बाई म्हणाल्या.

"बाई, त्यातलं बरं असेल ते निवडू या," मी म्हटलं.

"कधी पाठवायचंय?"

"महिनाअखेर."

पदर खोचून म्हणतात ना, तशा त्या कामाला लागल्या. रोज शाळा सुटल्यावर पाचपर्यंत. फाटलं ते रफू, उसवलं ते शिवण, कसर लागली असेल तिथे आतून अस्तर. बटणं कमी पडली तेव्हा पिशव्या घरी न्यायला लागल्या. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. नजर गेल्यावर दुकान बंद केलेलं. ते बोटांनी चाचपून एकसारखी बटणं जुळवून द्यायचे. मी एकदा पिशवी पोचवायला गेलो तर म्हणाले, "पूर्वी घड्याळं बंद पडली म्हणून लोक यायचे. आता शर्ट बंद होत नाहीत म्हणून येतात."

"कामापुरतं बोला," आतून बाई म्हणाल्या. पण त्यांच्या आवाजात मी कितीतरी दिवसांनी हसू ऐकलं.

अध्यक्षा आणि तिच्या दोन मैत्रिणी कोठीत जाऊन बसायला लागल्या. आधी फोटो काढायला, मग शिकायला. पहिल्या आठवड्यात अध्यक्षेनं बोटं टोचून घेतली, कंटाळली, रुसली, परत आली. एका बाळाच्या स्वेटरचं कोपर तिनं तीन वेळा उसवून चौथ्यांदा रफू केलं. बाईंनी ते उजेडात धरलं, आतून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे. घालणाऱ्याला टोचणार नाही." यापेक्षा मोठं कौतुक त्यांनी सत्तावीस वर्षांत कुणाचं केलेलं नव्हतं.

सगळे कपडे धुऊन, इस्त्री करून, वयाप्रमाणे गठ्ठे बांधले. प्रत्येकावर पांढऱ्या कापडाची चिठ्ठी टाचलेली: मुलगी, सहा ते आठ वर्षं. म्हातारा माणूस, उंच. बाळ, चालायला न लागलेलं. भिंतीला लागून छतापर्यंत गठ्ठे.

आता माझी गोष्ट सांगतो. ती टाळता येत नाही.

हे सगळं होईपर्यंत मी ज्या संस्थेमार्फत कपडे जायचे होते तिला साधं पत्रही लिहिलं नव्हतं. गठ्ठे तयार झाल्यावर लिहिलं. चार ओळींचं उत्तर आलं. वापरलेले कपडे आम्ही घेत नाही, ते तिथवर पोचवणं शक्य होत नाही, कृपया पाठवू नयेत. ते घेऊन मी मोठ्या बाईंकडे गेलो. आठ दिवसांवर आंतरशालेय स्पर्धा होती, मंच तिथे हेच काम मांडणार होता.

त्यांनी चष्मा काढला. "कपडे गोळा केले, हे खरं ना?"

"हो."

"मग खोटं काय आहे त्यात? मुलांचा हिरमोड करू नका. नंतर बघू."

मुलांच्या सादरीकरणात एक वाक्य होतं: आमच्या कपड्यांनी अकराशे जणांना ऊब मिळाली. मी त्यातलं "मिळाली" खोडून "मिळेल" केलं. भूतकाळाचा भविष्यकाळ केला आणि प्रामाणिकपणा राखल्याचं समाधान घेऊन घरी गेलो.

स्पर्धेसाठी फोटो काढायला एक माणूस आला. गठ्ठ्यांसमोर मुलं ओळीनं उभी केली. "बाई, जरा बाजूला होता का? फोटोत येताय," तो म्हणाला. बाई बाजूला झाल्या आणि उजेड कमी पडतोय म्हणून त्यांनी स्वतःच मशिनवरचा दिवा उचलून मुलांकडे धरला. आम्हाला पहिला क्रमांक मिळाला. चषक मोठ्या बाईंच्या खोलीत गेला.

मग बाई विचारायला लागल्या, "ट्रक कधी येतोय?"

"कागदपत्रं चालली आहेत."

महिन्यानं परत. "थंडी संपेल ना रे तिकडची."

"बाई, परदेशाचं काम आहे. वेळ लागतो."

तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. मी घड्याळ बघितलं.

नवं वर्ष सुरू झालं. अध्यक्षा अकरावीत गेली, मंचानं नवा प्रश्न घेतला: समुद्रातलं प्लास्टिक. त्यासाठी बाटल्या गोळा करायच्या होत्या आणि कोठी भरलेली. मोठ्या बाईंनी चिंध्यांच्या व्यापाऱ्याला निरोप धाडला आणि मला सांगितलं, "शिवणबाईंना तुम्ही कळवा. तुमचं ऐकतील."

मी दोन दिवस रजा टाकली. ताप आल्याचं कळवलं. ताप नव्हता.

बाईंना कळलं ते व्यापाऱ्याचा माणूस दारात आला तेव्हा. त्यानं वरचा गठ्ठा ओढला आणि माल कसा आहे बघायला सुरीनं मधोमध चिरला. पुढचं मला शिपायानं सांगितलं. बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी त्या माणसाला दंडाला धरून बाहेर काढलं, कोठीला कुलूप घातलं आणि चावी मुठीत धरून मोठ्या बाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"बाई, त्या कपड्यांचा आता उपयोग नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "मंचाचा विषय बदललाय."

"विषय बदलला. माणसांची अंगं बदलली का?"

"तिकडे कपडे घेतच नाहीत. तसं पत्रही आलंय, केव्हाच. तुमच्या सरांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

बाई चावी तशीच मुठीत धरून बाहेर पडल्या म्हणे.

शाळेपासून दहा मिनिटांवर, लाकडाच्या वखारीमागे एक वस्ती होती. ती महिन्यापूर्वी जळाली होती. तिथली दोनशेएक माणसं नगरपालिकेच्या सभागृहात फरशीवर झोपत होती. आमच्या मंचाच्या बैठकीत एका मुलानं तो विषय काढला होता. मीच म्हणालो होतो, "तो स्थानिक प्रश्न झाला."

रविवारी बाईंनी आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याचा टेम्पो बोलावला आणि चारच फेऱ्यांत सगळी कोठी रिकामी केली. पुढचं त्या टेम्पोवाल्यानं नंतर मला सांगितलं. बाईंनी सभागृहातली टेबलं मागून घेतली, कपडे दुकानात मांडतात तसे मांडले. रांग लावू दिली नाही. "ज्याला जे आवडेल ते अंगाला लावून बघा," म्हणाल्या. एका बाईनं मुलीच्या अंगाला कोट लावला. तो नेमका बसला. तिनं बिचकत विचारलं, "नवा आहे?"

"नाही. पण नीट आहे," शिवणबाई म्हणाल्या. बाही दोन बोटं लांब होती. ती त्यांनी तिथेच उभ्या उभ्या दुमडून टाचून दिली.

आठवड्यानं एका पालकानं त्या वस्तीतल्या एका पोराच्या अंगावर आपल्या मुलाचं जाकीट ओळखलं. ते तडक शाळेत आले. "आम्ही कपडे परदेशातल्या लोकांसाठी दिले होते. इथे कोण विकतंय ते?" शब्द तोंडातून निघाला आणि दुपारपर्यंत गावभर झाला.

मोठ्या बाईंपुढे दोन वाटा होत्या. कपडे कधी गेलेच नव्हते हे सांगायचं, किंवा बाईंनी ते नेले हे सांगायचं. चौकशी समिती नेमली. तिघांची. त्यातला एक मी.

आरोप होता, शाळेच्या ताब्यातलं साहित्य परवानगीशिवाय बाहेर नेल्याचा. अध्यक्षेला जबाबाला बोलावलं. ती आत्मविश्वासानं येऊन बसली. प्रश्न विचारला गेला आणि तिचा चेहरा उतरत गेला. समितीकडे न बघता ती माझ्याकडे वळली.

"सर, ते कपडे गेले नव्हते?"

मी समोरचे कागद सारखे केले.

"मी स्टेजवर सांगितलं ना, सर. आठशे लोकांसमोर."

ती रडली, पण थोडाच वेळ. दुसऱ्या दिवशी ती वडिलांबरोबर आली. जबाब घरूनच टाइप करून आणला होता. मंचाला कपडे परस्पर नेल्याची काहीही कल्पना नव्हती, शिवणबाईंनी ते स्वतःच्या निर्णयानं नेले. एकही अक्षर खोटं नव्हतं त्यात. सही करताना तिनं मान वर केली नाही.

बाईंना विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

"कपडे माणसांच्या अंगावर आहेत," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "सर, ते पत्र कुठल्या तारखेला आलं होतं?"

खोलीत एकही मूल नव्हतं, तरी त्या मला सर म्हणाल्या.

"मला आठवत नाही," मी म्हणालो. आठवत होतं. त्या वेळी गठ्ठे नुकतेच बांधून झाले होते. मी तेव्हा सांगितलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी दुसरी गरजू माणसं शोधली असती, उघडपणे, मुलांना बरोबर घेऊन. समितीच्या अहवालाखाली मी तिसरी सही केली.

निवृत्तीला चार महिने असताना बाईंनी राजीनामा दिला. निरोपसमारंभ झाला नाही. कोठीतली मशिनं त्या कुणाला न विचारता सोडून गेल्या. तीही नंतर भंगारात गेली. मी दोनदा त्यांच्या घरी गेलो. दोन्ही वेळा यजमानांनी दार उघडलं. पहिल्यांदा म्हणाले, "झोपलीय." दुसऱ्यांदा मी बोलायच्या आत, पावलांवरूनच ओळखून, म्हणाले, "कशाला त्रास घेता?"

दीड वर्षानं अध्यक्षेनं परदेशातल्या विद्यापीठाच्या प्रवेशासाठी लिहिलेला निबंध माझ्याकडे तपासायला पाठवला. त्या हिवाळ्याबद्दलच होता. तिनं पुढाकार कसा घेतला, कपडे कसे जमवले, शाळेतल्या एका साध्यासुध्या शिवण करणाऱ्या बाईला तिनं जगाच्या प्रश्नांची ओळख कशी करून दिली. शेवटी, बेघर झालेल्या कुटुंबांना ऊब मिळाली. कुठल्या कुटुंबांना, ते लिहिलेलं नव्हतं. मी दोन ठिकाणचे ऱ्हस्व-दीर्घ नीट केले आणि परत पाठवला. तिला प्रवेश मिळाला. शाळेच्या फलकावर तिचं नाव लागलं. तिचा राग करावा म्हटलं तर जमत नाही. ती हे सगळं ज्याच्याकडून शिकली तो मीच.

वस्तीतल्या लोकांना पुढे सभागृहातून हलवलं. कुठे, ते मी चौकशी करूनही कुणाला सांगता आलं नाही.

बाई सध्या बाजारातल्या एका दुकानात बसतात. पँटी कमी करणं, चेन बदलणं, असली कामं. मला ते कळलं तेव्हा मी एक नवी पँट घेतली, मुद्दाम लांब. त्यांनी मला उभं केलं, गुडघ्यावर बसून टाचेपाशी खडूची खूण केली. मी म्हणालो, "बाई, मला तुमच्याशी..."

"सरळ उभे राहा. वाकलात की माप चुकतं." मग पावती फाडून दिली. "मंगळवारी या."

मंगळवारी गेलो. मालकानं पँट कागदात गुंडाळून दिली. बाई मागे मशिनवर होत्या, पाठ माझ्याकडे. मशीन ठेवलंच आहे भिंतीकडे तोंड करून, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि पायऱ्या उतरलो.