बेबीमावशींचा कल्ला

बेबीमावशी गिऱ्हाइकासमोर मासा आधी कापत नसत. अंगठ्याने कल्ला उचलायच्या, आतली लाली दाखवायच्या आणि म्हणायच्या, "पोट फाडाला कशाला पायजे? कल्ला बोलतो."

सानपाड्याच्या बाजारात मी त्यांच्याकडून अकरा वर्षं मासे घेतले. माझ्या हातातल्या यादीमुळे त्या मला 'लिष्टवाली बाय' म्हणत. एका रविवारी पापलेट पुसता पुसता त्या सहज बोलल्या, "पाळी जाऊन सहा वर्सं झाली, आता परत आली. नातीच्या जोडीनं मी बी वयात आले बघ."

मी हसले नाही. मी एका रुग्णालयात रक्ताचे नमुने गोळा करण्याचं काम पाहते. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग रक्तातल्या खुणांवरून ओळखता येईल का, हे आमचे डॉक्टर तपासत आहेत. सोमवारच्या यादीत मी पहिलं नाव मावशींचं लिहिलं.

सोनोग्राफीत अस्तर जाड दिसलं. डॉक्टरांनी आतला छोटा तुकडा काढून तपासायला सांगितलं. मावशींनी साफ नकार दिला. "रक्त पायजे तेवढं काढ. खाली काय घालाचं नाय." रक्त दिलं आणि पदर सावरून उठल्या. "रिपोर्ट फोनवर सांग."

"मावशी, हे रक्त अभ्यासासाठी आहे. त्याच्यावरून तुम्हाला घरी पाठवता येणार नाही. अजून तेवढी खात्री नाही."

"मंग मना भोसकली कशाला?"

मी मुद्देसूद तीन कारणं सांगितली. एकही लागू पडलं नाही. मग एकदम आठवलं. "गणपतीनंतर मी सुरमई मागितली होती. कल्ला लाल होता, तरी तुम्ही दिली नाहीत. का?"

"पोट नरम लागलं."

"कसं कळलं?"

"दाबून बघितलं ना!" म्हणाल्या, आणि स्वतःच हसल्या. "लय पोचलेली हायस तू. चल. पन हात धर माजा."

मी धरला. त्यांनी माझी बोटं अशी आवळली, की दुसऱ्या दिवशी पेन धरवेना.

निदान कर्करोगाचंच झालं, पण तो अस्तरापुरताच होता. गर्भाशय काढलं, आणि दोन-अडीच महिन्यांनी मावशी पुन्हा पाटावर बसल्या. टोपली सून उचलायची, तोंड मात्र मावशींचंच चालायचं. पन्नाशीच्या बाईला मासा देताना त्या हळूच विचारायच्या, "पाळी गेल्यावर डाग दिसला का गो? लाजू नको. लिष्टवालीकडं जा. कल्ला दाखव, नि पोट बी दाबून घे."

गेल्या वर्षी त्या लेकीकडे उरणला राहायला गेल्या. अधूनमधून फोन येतो. "माज्या रक्ताचं काय झालं?"

"अजून ठरत नाही, मावशी. खूप बायकांचं रक्त तपासावं लागतं."

"मंग बाया पाठवते."

आमच्या अर्जात 'कोणी पाठवले?' असा रकाना आहे. पूर्वी तिथे डॉक्टरांची नावं असत. काल उरणहून दोघी आल्या. पहिलीने खुर्चीत बसण्याआधीच बाही वर केली आणि म्हणाली, "कल्ला दाखवाला आलो."

मी रकान्यात मावशींचं नाव लिहिलं.