सखोजीराव मेस्त्रींची पेटी

सखोजीराव मेस्त्री रोज संध्याकाळी हत्यारांची पेटी डोक्यावर घेऊन स्टुडिओच्या फाटकातून बाहेर पडत. मद्रासला कोडंबाक्कमच्या त्या सिनेमा स्टुडिओत आम्ही सुतार लाकडाचे राजवाडे उभे करायचो आणि शूटिंग संपलं की पाडायचो. आमच्या पेट्या तिथल्याच स्टोअरमध्ये राहत. मेस्त्रींची मात्र एग्मोरच्या गाडीनं घरी जायची. गाडीत जागा नसली की ते पेटीवरच बसत.

मी साताऱ्याकडून नवा आलो होतो. म्हटलं, "मेस्त्री, ही हमाली कशाला?"

"पेटी त्यांच्याकडं राहिली की त्यांची झाली रे अप्पा. मग मीपण त्यांचाच." तंजावरकडचे मराठी ते, बोलणं तमिळच्या हेलात. "मी कुणाचा चाकर नाही. काम घेतो, काम देतो."

मला ते पटलं. मीही कुणापुढं वाकणारा नाही. पण पेटी काही उचलली नाही, जड होती.

सगळ्या टोळीची मजुरी मेस्त्रींच्या नावानं येई आणि ते वाटून देत. एका वर्षी त्यांना इन्कम टॅक्सची नोटीस आली. ती सगळी मजुरी त्यांचीच कमाई धरलेली. वाटल्याची पावती एक नाही. आपसांत कसली पावती? आता ते कंत्राटदार ठरले तर सगळ्याचा कर त्यांनी भरायचा, म्हणजे राहतं घर विकायचं. नोकर ठरले तर आम्ही सगळेच कंपनीचे नोकर. ज्याचा त्याचा पगार वेगळा, आणि कर कापायचं ते कंपनी बघेल.

त्यांच्या घरी गेलो तर मथुरावहिनी कॉफी देता देता म्हणाल्या, "मालक म्हणवून घ्यायची हौस ना? भरा आता मालकाचा कर!"

"पोदुम गं," मेस्त्री म्हणाले. पुरे झालं. हसले नाहीत.

मग कळलं, इन्कम टॅक्सचे साहेब स्टुडिओत चौकशीला येणार. कामाची वेळ कोण ठरवतं, तुमच्या जागी दुसरा पाठवला तर चालतो का, हत्यारं कोणाची, असलं विचारणार. हत्यारं कंपनीची तर माणूस नोकर. आदल्या संध्याकाळी मेस्त्रींनी पेटी स्टोअरमध्ये नेऊन ठेवली. स्टोअरवाल्यानं तिच्यावर पांढऱ्या रंगानं आकडा घातला. मेस्त्री बघत उभे होते. स्टेशनपर्यंत मोकळ्या डोक्यानं चालले, तर चालच वाकडी पडत होती.

साहेबानं विचारलंच, "हत्यारं कोणाची?"

मेस्त्रींनी स्टोअरकडं बोट केलं. मग म्हणाले, "स्टोअरमध्ये आहेत, बघा."

साहेबानं पाहिलं. नोटीस रद्द झाली, आम्ही नोकर ठरलो. मला ते आवडलं नव्हतं, आजही आवडत नाही. पण मेस्त्रींचं घर राहिलं.

त्यानंतर "काम घेतो, काम देतो" हे मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. भोंग्याला येत, भोंग्याला जात. दोन-तीन वर्षांनी छातीच्या दुखण्यानं गेले.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तेवढी पेटी आणा त्यांची." मी ती डोक्यावर घेऊन निघालो. फाटकावर रखवालदार आडवा आला. "आकडा आहे तिच्यावर. स्टुडिओचा माल." भांडलो, माणसं जमेपर्यंत भांडलो. पेटी आत गेली ती गेलीच.

वहिनी दारात उभ्या होत्या. माझ्या रिकाम्या हातांकडं बघून म्हणाल्या, "सरी." म्हणजे, बरं. "त्यांच्याकडं राहिली, त्यांची झाली."

पुढच्या रविवारी मी नवी पेटी केली, बिनआकड्याची, आणि रोज घरी नेऊ लागलो. मान दुखायची. दुखेना का.