अनुमोदक

थंडी अशी पडली होती की वस्तरा टेकायच्या आधीच गिऱ्हाईक अंग चोरून घ्यायचं. अनुमोदकानं स्टोव्हवर पाणी ठेवलं, टॉवेल झटकले, आरशावर तोंडाची वाफ सोडून तो पुसला आणि सकाळच्या दाढ्या उरकल्या.

धंद्यानं तो न्हावी. अनुमोदक हे नाव युवक संघटनेच्या शाखेनं दिलेलं. शाखेचं सभागृह त्याच्या दुकानाच्या बरोब्बर वर, त्यामुळे सभेला हटकून सापडणारा सभासद तोच. अध्यक्ष ठराव मांडायचे, हा हात वर करून म्हणायचा, "अनुमोदन." ठराव कशाचा होता, हे बरेचदा जिना उतरल्यावर कळायचं. घरी आईनं काही विचारलं की धाकटी बहीण म्हणायची, "दादाला काय विचारतेस? तो अनुमोदनच देणार!"

संघटना राष्ट्रीय. वर देश, खाली प्रदेश, मग जिल्हा आणि सगळ्यांत तळाला शाखा. पण शाखेपुरता देश म्हणजे अध्यक्ष. संघटनेच्या घटनेत सभासदाचं वय पस्तिशीच्या आत हवं, अशी अट होती. अध्यक्षांचा थोरला मुलगा कॉलेजात जायला लागला, तरी ते स्वतः चौतिशीच्या पुढे सरकायला तयार नव्हते. त्यांची कारभाराची रीत साधी. सभा ऐन कामाच्या वेळी बोलवायची. माणसं येत नाहीत, गणसंख्या भरत नाही, सभा तहकूब. अर्ध्या तासानं तीच सभा त्याच जागी पुन्हा भरते, आणि तहकूब सभेला गणसंख्या लागत नाही. मग अध्यक्ष सूचक, न्हावी अनुमोदक, आणि रिकाम्या खुर्च्यांचं एकमत.

याच रीतीनं सभागृहात अध्यक्षांच्या मेहुण्याच्या फरशांचे खोके आले. तात्पुरते म्हणून आले आणि टेबल टेनिसच्या टेबलावर चढून बसले. त्या टेबलावर बहीण खेळायची. पुढच्या महिन्यात जिल्ह्याच्या संघाची निवड, आणि ही पोर घरात भिंतीवर चेंडू बडवत होती. आजचा ठराव तर त्याहून पुढचा होता. अख्खं सभागृहच मेहुण्याला पाच वर्षं भाड्यानं द्यायचं.

"दादा, आज हात वर केलास तर बघ," बहीण म्हणाली. तीही सभासद होती, मुद्दाम रजा काढून आली होती.

सभा भरली आणि तहकूब झाली. फरक एवढाच की आज जिल्ह्याचे निरीक्षक आले होते आणि वर पाठवायला फोटो काढणार होते. अध्यक्षांनी त्यांना चहा पाजला, स्वतः घेतला आणि खाली दुकानात येऊन आरशात वाकले. भांगात पांढरं उगवलं होतं.

"अरे, कलप लाव पटकन. युवकांचा फोटो आहे."

न्हाव्यानं कलप कालवला, मुळांना चोपडला, वर प्लास्टिकची टोपी चढवली. "हलू नका साहेब. आत्ता धुतलं तर चट्ट्यापट्ट्यांचं मांजर दिसाल."

तेवढ्यात वरून निरीक्षक ओरडले, "वेळ झाली! मला बस गाठायचीय!"

"जा, थांबा म्हणावं," अध्यक्ष म्हणाले.

न्हावी वर गेला. "अध्यक्ष थांबा म्हणतात."

"आहेत कुठे?"

"खाली," बहीण म्हणाली. "तरुण होतायत."

निरीक्षक हसले नाहीत. "तहकूब सभा कुणासाठी थांबत नाही. हजर असलेल्यांतून आजच्या सभेपुरता अध्यक्ष निवडा."

कोपऱ्यात खजिनदार पेंगत होता. त्याला हलवून खुर्चीत बसवला. तो जांभई देत म्हणाला, "विषय सभागृहाचा. कोण काय मांडतंय?"

"अनुमोदन," न्हाव्याच्या तोंडून सवयीनं निघालं.

"कशाला अनुमोदन? अजून कुणी तोंडच उघडलं नाही!"

बहिणीनं चिमटा काढला. न्हाव्यानं वर गेलेला हात खाली घेतला. "मी... मीच मांडतो. सभागृह भाड्यानं द्यायचं नाही. खोके आजच हलवायचे. आतमध्ये पोरांनी खेळायचं."

"अनुमोदन!" बहीण इतक्या जोरात म्हणाली की खजिनदार पुरता जागा झाला. विरोधाला कुणी नव्हतं. निरीक्षकांनी तिघांचा फोटो काढला, मागे फरशांचे खोके.

न्हावी खाली आला. टोपीतून काळा ओघळ अध्यक्षांच्या कानामागे उतरत होता.

"थांबले ना?"

"सभा संपली साहेब. खोके हलवायचा ठराव मंजूर. सूचक मी."

अध्यक्ष ताडकन उठले. एवढ्यात जिन्यावर निरीक्षकांची पावलं वाजली, तसे ते मटकन बसले आणि टॉवेल तोंडावर ओढून घेतला. पावलं लांब गेल्यावर आतून आवाज आला, "तुला शाखेतून काढतो! पुढच्या सभेत ठरावच आणतो!"

"आणा की," न्हावी म्हणाला. "अनुमोदन कोण देणार?"

टॉवेलानं टोपीवरूनच डोकं खाजवलं. मग म्हणाला, "डोकं चुरचुरतंय रे. धू आता."

दारात बहीण हात पसरून उभी होती. "सभागृहाची किल्ली द्या ना, काका."

'काका' ऐकून अध्यक्षांनी टॉवेलाबाहेर तोंड काढलं. खिसा चाचपला आणि किल्ली तिच्या हातावर आपटली. ती दोन-दोन पायऱ्या गाळत वर पळाली. थोड्याच वेळात छतावर खोके घसटल्याचा आवाज यायला लागला.

न्हाव्यानं स्टोव्हवरचं पाणी उतरवलं, बोट बुडवून पाहिलं, थोडं गार घातलं.

"मान खाली, साहेब. डोळे मिटा."