चार खोल्या, एकच आउटडोअर

त्यांना थंडोबा हे नाव दुकानातल्या माणसांनी ठेवलं होतं, आणि ते दोन्ही अर्थांनी लागू पडत होतं. एक तर धंदा एसी बसवायचा. दुसरं म्हणजे कामाचा वेग. इतर फिटर दोन घरं उरकून तिसऱ्या घराची बेल वाजवत, तेव्हा थंडोबा पहिल्याच घरात भिंतीला लेव्हल लावून, एक डोळा मिटून बघत उभे असायचे. पाइप जोडून झाले की आतली हवा पंपाने ओढून काढावी लागते. बाकीचे पंप लावून चहाला जात आणि आल्यावर बंद करत. थंडोबा पंपाशेजारी स्टूल टाकून बसत आणि काट्याकडे असे बघत राहत, की जणू मुलीच्या परीक्षेचा निकालच लागायचा आहे. घरमालकाने घाई केली तर म्हणत, "साहेब, आत ओल राहिली तर मशीन तुम्हाला शिव्या देणार नाही, मला देईल."

हळू असो, पण त्यांनी बसवलेलं मशीन सहसा तक्रार घेऊन परत यायचं नाही. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि तो काही थोडाथोडका नव्हता. बायको म्हणायची, "लोकांच्या भिंती सरळ करा, आपल्या घरातलं कपाट मात्र वर्षभर डुगडुगतंय." त्यावर ते हसून विषय बदलायचे.

मुलगी एकुलती एक. तोंडाने अशी की बोलायला लागली की रेडिओ लाजावा. शाळेतून आली की दप्तर खांद्यावरून उतरायच्या आधीच दिवसभराची बातमीपत्रं सुरू. "हिचं सासरी कसं व्हायचं?" ही बायकोची कायमची काळजी. थंडोबांना ती कधी वाटली नाही. जावई शांत स्वभावाचा मिळाला, सासू विधवा, घरात माणसं तीनच. भांडायला तरी कोण आहे, असा त्यांचा हिशेब होता.

लग्नानंतर काही वर्षांनी जावयाने नवा फ्लॅट घेतला. मागच्या अंगाला विहीणबाईंची खोली, तिथे ऊन औषधालाही येत नसे. पश्चिमेला जावयाची कामाची खोली. तो घरूनच काम करायचा, दोन मोठे स्क्रीन, त्यांची ऊब, वर दुपारचं ऊन. मग झोपायची खोली, आणि मधे हॉल. एसी चारही ठिकाणी हवा होता, पण इमारतीचा नियम असा, की बाहेरच्या भिंतीवर एका घराला आउटडोअरचा एकच डबा. थंडोबा म्हणाले, "मग मल्टी बसवू. बाहेर एक, आत चार. आणि बसवणार मी. दुसऱ्या कोणी त्या भिंतीला हात लावायचा नाही."

खरं सांगायचं तर असं मशीन त्यांच्या हातून पहिल्यांदाच बसणार होतं. उभा जन्म एकाला एक अशी, नुसतं गार करणारी मशीनं बसवण्यात गेला. हे गारही करणार होतं आणि गरमही. पण पाइप शेवटी पाइपच, असं म्हणत त्यांनी काम अंगावर घेतलं, आणि जीव ओतून केलं. हॉलमधलं मशीन तर असं बसवलं की पाइप कुठून गेला ते शोधायला भिंत फोडावी लागेल. मुलगी दिवसभर त्यांच्यामागे शिडी धरून बडबडत होती.

शेवटच्या दिवशी विहीणबाई बाहेर आल्या. अंगात रक्त कमी, बारीक चण, भर उन्हाळ्यातही खांद्यावर शाल. म्हणाल्या, "व्याही, मला गारवा सोसत नाही. याने तिकडे बर्फ केला तर माझ्या खोलीत येणार नाही ना?"

थंडोबांनी छातीवर हात ठेवला. "विहीणबाई, प्रत्येक खोली स्वतंत्र. ज्याचा रिमोट, त्याचं राज्य."

"बघा आई, म्हटलं नव्हतं?" मुलगी म्हणाली. "बाबा म्हणजे बाबा!"

हा "स्वतंत्र" शब्द त्यांनी दुकानात ऐकला होता. तिथे सगळेच म्हणत, म्हणून तेही म्हणाले. त्याचा अर्थ कधी कोणी विचारला नव्हता, आणि यांनीही विचारला नाही.

उन्हाळा मजेत गेला. जावई गार हवेत, विहीणबाईंचं मशीन बंद. मग ते दिवस आले, की दुपारी ऊन भाजून काढतं आणि सावलीतल्या खोलीत मात्र हातपाय गार पडतात. मुलीचा फोन आला. "बाबा, आईंनी गरम लावलंय, पण हवाच येत नाही. दिवा नुसता मिचमिचतोय."

थंडोबा पिशवी घेऊन धावले. तारा पाहिल्या, सांधे पाहिले, गॅस पाहिला. कुठे काही नाही. सहज म्हणून जावयाचं मशीन बंद केलं, तर विहीणबाईंकडे झकास गरम हवा सुरू झाली. जावयाने पुन्हा गार लावलं, तर आता त्याचा दिवा मिचमिचायला लागला.  थंडोबांनी गॅलरीत जाऊन दुकानात फोन लावला.

"अहो थंडोबा, बाहेर डबा एक ना?" दुकानदार म्हणाला. "मग एका वेळी एकच. गार तर सगळीकडे गार, गरम तर सगळीकडे गरम. जो आधी चालू करेल त्याचं चालणार, बाकीचे थांबणार. एवढं तर सगळ्यांना माहीत असतं."

"पण तुम्हीच म्हणायचात, स्वतंत्र!"

"स्वतंत्रच आहे की! चालू-बंद स्वतंत्र, कमी-जास्त स्वतंत्र. आता अजून किती स्वतंत्र पाहिजे?"

बिघाड असता तर थंडोबांनी रात्रंदिवस एक करून काढला असता. पण इथे बिघडलेलं काहीच नव्हतं. मशीन जसं घडवलंय तसंच चाललं होतं, आणि तेच सगळं दुखणं होतं. आत येऊन त्यांनी खरं ते सांगून टाकलं. विहीणबाईंनी शाल सारखी केली आणि त्या खोलीत गेल्या. जावई हसला. "म्हणजे पहिला येईल त्याला बक्षीस!"

हसण्यावारी गेलेली गोष्ट हळूहळू अंगाशी आली. विहीणबाई पहाटे उठून गरम लावू लागल्या, आणि खोलीत नसतानाही बंद करीनात. जावई मग त्यांच्या आधी उठू लागला, तोंडही न धुता बटण दाबू लागला. आई आणि मुलगा एकमेकांना काही म्हणत नसत. दोघेही जे काय म्हणायचं ते थंडोबांच्या मुलीला म्हणत. "तुझे बाबा तर छातीवर हात ठेवून म्हणाले होते." "आईला तू सांग, माझं ऐकत नाही ती." "नवऱ्याला कळत नसेल, तुला तरी कळायला हवं."

थंडोबांनी करायचं ते सगळं केलं. विहीणबाईंसाठी विजेचा हीटर घेऊन गेले. त्या म्हणाल्या, "घरभर मशीनं, आणि मला तेवढी शेगडी?" तो हीटर खोक्यातून बाहेरही निघाला नाही. दुसरा डबा लावायची परवानगी मागायला इमारतीच्या सेक्रेटरीकडे गेले. सेक्रेटरीने त्यांना गॅलरीत नेऊन घराला एकेकच डबा असलेली समोरची भिंत दाखवली. "तुम्हाला दिली तर उद्या सगळे माझ्या दाराशी." बोलणं चुकीचंही नव्हतं. थंडोबा मान हलवून जिना उतरले.

मग एका जुन्या फिटरने त्यांना सांगितलं, की बाहेरच्या डब्याच्या आत एक बारीकसं बटण असतं. ते सरकवलं की एक खोली मुख्य होते. ती खोली म्हणेल ते बाकीच्यांनी ऐकायचं. कोण आधी, कोण नंतर हा प्रश्नच नाही. थंडोबांचा जीव भांड्यात पडला. निदान ती पहाटेची शर्यत तरी मिटेल! आनंदाच्या भरात ते तसेच मुलीकडे गेले, डब्याचं झाकण उघडलं, आणि स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन हॉलमध्ये येऊन विचारलं, "तर मग, मुख्य खोली कुठली करू?"

विचारलं आणि त्यांचं त्यांनाच कळलं, आपण काय विचारून बसलो ते.

 जावई मोबाइलकडे बघत होता. विहीणबाई मुलाकडे बघत होत्या. इतके दिवस जे तिघांनी मिळून झाकून ठेवलं होतं, ते या भल्या माणसाने स्क्रू ड्रायव्हरने उघडून मध्ये ठेवलं होतं. घर कुणाचं, एवढाच तो प्रश्न. मुलीच्या बापाने काहीही सांगितलं असतं तरी ते चुकलंच असतं.

शेवटी मुलगी म्हणाली, "आईंची करा, बाबा. त्यांना त्रास होतो."

जावयाने मान वर केली. आईकडे नाही, तिच्याकडे पाहिलं. "हं," एवढंच म्हणाला आणि कामाच्या खोलीचं दार लावून घेतलं.

विहीणबाईंना आनंद झाला म्हणावं तर तेही नाही. "मी मागितलं नव्हतं हो," त्या म्हणाल्या. "उद्या म्हणाल, म्हातारीने घर ताब्यात घेतलं." थंडोबांनी हात टेकले. बटण सरकवलं, झाकण लावलं, आणि एरवी दोनदा तपासणारा हा माणूस एकदाही न तपासता निघाला.

त्यानंतर मुलीचे फोन कमी झाले. आलाच तर "सगळं ठीक आहे" याच्यापुढे जात नसे. बायको म्हणाली, "अहो, ती बोलत नाहीये. ती आणि बोलत नाही, म्हणजे काहीतरी आहे." थंडोबांना झोप लागेना. बिछान्यावर पडल्या पडल्या ते मनातल्या मनात ते मशीन पुन्हा पुन्हा उघडत आणि पुन्हा लावत. बटण मागे सरकवावं? मग पुन्हा शर्यत. सगळंच काढून न्यावं आणि भिंती बुजवून द्याव्यात? शेवटी तेच ठरवलं. चारही मशीनं उतरवायची, जिथे गरज तिथे पंखा. त्यांची सरळ बसवलेली मशीनं त्यांनी स्वतः कधी उतरवली नव्हती, पण मुलीपुढे मशीनचं काय!

न कळवताच ते दुपारी पिशवी घेऊन गेले. मुलीने दार उघडलं, आणि त्यांना पाहून आधी त्यांच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. तोंडावर बोट ठेवलं. "आई झोपल्यात."

दारातूनच हॉल दिसत होता. हवा कोंदलेली, आणि मुलगी घामेजलेल्या कपाळाने वर्तमानपत्राने वारा घेत असावी, कारण वर्तमानपत्र तिच्या हातातच होतं. हॉलमधलं मशीन बंद.

"हे का बंद?" थंडोबांनी हळूच विचारलं.

"असंच."

"रिमोट कुठंय?"

"कपाटात ठेवलाय." मग तीच पुढे म्हणाली, "चालू केलं तर आईंच्या खोलीसारखं गरमच येतं. मग यांना वाटतं, मी तिकडची. बंद बरं पडतं."

"जावई?"

"ते आता मित्राच्या ऑफिसात बसतात. रात्री येतात, ताट घेऊन आत जातात."

थंडोबांनी पिशवी खाली ठेवायला हात खाली नेला. "मी सगळं काढून नेतो, बाळा. आत्ता सुरुवात केली तर..."

"नको!" ती पटकन म्हणाली आणि पिशवीचा बंद धरला. "ठेवू नका खाली. आवाज होईल."

ते पिशवी धरून तसेच उभे राहिले. वाकायला निघालेला माणूस मध्येच थांबला की दिसतो तसे.

"बाबा, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"बोल की."

"आता दुरुस्तीला येऊ नका." तिने आतल्या दाराकडे एकदा पाहून घेतलं. "तुम्ही आलात की आईंना वाटतं, यांनी बोलावलं. यांना वाटतं, आईंनी बोलावलं. आणि तुम्ही गेलात की दोघांनाही वाटतं, मीच बोलावलं. काढून नेलंत तर म्हणतील, दिलेलं परत नेलं. तुम्ही जाल, बाबा. मी इथेच असते."

एवढं बोलायला तिला कधी एवढा वेळ लागला नव्हता. थंडोबांना रडू यायला लागलं, आणि मुलीच्या दारात रडायचं कसं, तेही कळेना.

"मग येऊच नको?"

"या ना. नुसते या. पिशवी न घेता."

"नुसतं येऊन मी करू काय गं?" थंडोबा म्हणाले. त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं.

ती काही बोलणार होती. तेवढ्यात आतून विहीणबाईंचा झोपेतला आवाज आला. "कोण आलंय गं?"

मुलीने बापाकडे पाहिलं. मग दार हळूच पुढे ओढत आत बघून म्हणाली, "कोणी नाही, आई."