एका सप्ताहाचे दोन विक्रेते

सुज्ञ मित्रमंडळी, आज माध्यान्ही एका हॉटेलात सपत्नीक विनामूल्य भोजनाचा योग आला. भोजनोत्तर प्रयोजन उमगले. सापुताऱ्याच्या डोंगरावरील एक खोली, प्रतिवर्षी एक सप्ताह, पंचवीस वर्षांकरिता, आमच्या गळ्यात मारायची होती.

"काका, थेट कंपनीकडून घ्या. मे, दिवाळी, हवा तो आठवडा," विक्रेती मधुर वाणीने म्हणाली. विचारार्थ अवधी मागून आम्ही डिंडोलीस घरी परतलो.

जिन्यातच शेजारी आत्मारामभाऊंनी वार्ता ऐकली. "नवं कशाला घेता? माझं घ्या ना, चौथाई भावात देतो. फक्त आठवडा श्रावणातलाच मिळतो."

"कसा आहे अनुभव?"

"सहा वर्षांत एकदाबी गेलो नाही. श्रावणात कारखाना रजा देत नाही."

मी गहन चिंतनात बुडालो. श्रावणात रजा मलाही नाही. मे आणि दिवाळीत रजा आहे, परंतु तेव्हा आम्ही धुळ्याकडे, गावी, कुणाच्या तरी लग्नात किंवा फराळात. अर्थात महाग सप्ताह निरुपयोगी आणि स्वस्त सप्ताह अप्राप्य.

"कोणाकडूनही घ्या," सौभाग्यवती म्हणाली. "बावीस वर्षांत गावाशिवाय कुठे नेलंत? मला असा आठवडा पाहिजे, जिथे सकाळी मला कोणी चहा मागणार नाही."

मंडळी, असा सप्ताह थेट घ्यावा की जुना, कृपया मार्गदर्शन करावे. तूर्त चहा मी ठेवला आहे. साखर सापडली, चहापत्तीचे अन्वेषण चालू आहे.