उभ्या बैलाचा डॉक्टर

परभणी जिल्ह्यात दारू सोडवणारे तज्ज्ञ पुष्कळ झाले असतील, पण पेशंट समोर बसला की आधी त्याची नाकपुडी ओली आहे का कोरडी ते बघणारा तज्ज्ञ एकच झाला, आणि तो नेमका माझ्या नशिबी आला. डॉक्टरसाहेब मूळचे ढोरांचे डॉक्टर. सगळी नोकरी राणीसावरगावच्या अल्याडपल्याडच्या खेड्यांत, अडलेल्या म्हशी मोकळ्या करण्यात आणि फुगलेल्या गायींची पोटं उतरवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर लोक शेती बघतात, नातवंडं खेळवतात. हे गृहस्थ मोठ्या शहरात जाऊन समुपदेशनाचं रीतसर शिक्षण घेऊन आले आणि परभणीबाहेर, गंगाखेड रस्त्याच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात दारुड्यांना तपासायला बसले. त्यांच्या खोलीत भिंतीवर दोन प्रमाणपत्रं होती, एक जनावरांचं आणि एक माणसांचं. येणाऱ्याची नजर हमखास पहिल्यावर जायची आणि तो हळूच चपला शोधायला लागायचा. मग डॉक्टरसाहेब म्हणायचे, "बसा. जनावराला बोलता येत न्हाई अन् दारुड्याला खरं बोलता येत न्हाई. काम एकच हाय."

त्या केंद्रातली सगळी तज्ज्ञमंडळीच अशी आडवाटेनं आलेली. मानसोपचाराचे खरेखुरे डॉक्टर शहरातून ठरल्या वारी यायचे. गोळ्या, सलाईन, हातापायांची थरथर, झोप हा सगळा प्रांत त्यांचा, आणि त्यांच्या शब्दाबाहेर डॉक्टरसाहेब कधी पाऊल टाकत नसत. बाकीच्यांची गोष्ट वेगळी. ते सगळे कधीकाळी स्वतः पिऊन बसलेले. दारू ही त्यांची पहिली पदवी, बाकीचं शिक्षण नंतरचं. त्यात एक पूर्वीचे विमा एजंट होते. कुणी सुटून गेलेला माणूस पुन्हा पिऊन आला की ते बिलकुल रागवायचे नाहीत. पॉलिसी बुडालेली नाही, नुसती बंद पडली आहे, चालू करून घेऊ, असं त्याला समजावायचे आणि जाताजाता शेजाऱ्याला खरोखरीची पॉलिसीही विकायचे. दुसरे शाळेतले कवायतीचे मास्तर. ते पहाटे शिट्टी फुंकून मोठमोठ्या माणसांना उंचीप्रमाणे रांगेत उभं करत, आणि एक माजी सरपंच बुटके असल्यामुळे रोज रांगेच्या शेपटाला यायचे. दारू सुटली ती ह्या अपमानानं, असं ते पुढं सांगत फिरले. माणूस कामधंदा सोडतो, पण कामधंदा माणसाला सोडत नाही, हे मला त्या केंद्राच्या अंगणात पुरतं पटलं.

डॉक्टरसाहेबांचा धंदा तर त्यांच्या हाडात मुरला होता. पेशंटच्या मागून ते कधी जायचे नाहीत, कारण मागून गेलं की लाथ बसते. समोरून, जरा बाजूला राहून, जिभेनं च् च् करत जायचे. तपासताना पेशंटशी न बोलता त्याच्या डोक्यावरून घरच्यांना विचारायचे, खातंय का, पाणी पितंय का, कधीपासून असं करायलंय. एकदा एका कचेरीतल्या मोठ्या साहेबांच्या बाबतीत त्यांनी असंच विचारलं तेव्हा साहेब ताडकन उठून उभे राहिले. पण त्यांची बायको शांतपणे म्हणाली, "पाणी पितात, चारा सोडलाय." त्यावर साहेब खाली बसले आणि दारू सुटेपर्यंत काही बोलले नाहीत. पेशंटांच्या त्यांनी जाती ठरवल्या होत्या. काही मारके, काही बसके, आणि काही दाव्याला असताना गरीब, सुटले की दुसऱ्याच्या पिकात. एका दांडग्या हवालदाराला तलफ अनावर झाली आणि तो खाटा उलथायला लागला, तेव्हा सगळे पळाले. डॉक्टरसाहेब बाजूनं जवळ गेले आणि बैलाच्या गळ्याखाली लोंबणारी कातड्याची पोळी खाजवावी तसं त्याच्या हनुवटीखाली खाजवायला लागले. हवालदार आधी चकित झाला, मग खाटेवर बसून लहान मुलासारखा रडला. हा इलाज कुठल्या शिक्षणात बसतो, असं एजंटनं विचारलं, तेव्हा डॉक्टरसाहेब म्हणाले की दोन्हींत नाही.

स्वतःच्या दारूच्या गोष्टी ते रंगवून सांगायचे. एकदा पिऊन तर्र असताना त्यांनी आजारी बैल सोडून शेजारच्या धडधाकट बैलाला सुई टोचली. आजारी बैल ते बघून इतका घाबरला की उठून चरायला लागला, आणि त्या गावात डॉक्टरसाहेबांचं लय नाव झालं. ही गोष्ट ऐकून पेशंट हसायचे, तेही हसायचे. आपल्या बायकोविषयी मात्र त्यांना बोलताना मी ऐकलं नव्हतं. केंद्राच्या मागं त्यांनी एक लंगडा बैल पाळला होता. कुणीतरी म्हातारा झाला म्हणून सोडून दिलेला. नाव लंगड्याच. पेशंटांनी पाळीपाळीनं त्याला धुवायचं, चारायचं, आणि त्याच्याशी खरं बोलायचं, असा नियम होता. तो चुगली करत नाही, हे कारण.

आता माझं सांगते. माझी खानावळ आहे. विद्यापीठातली पोरं जेवायला येतात, दोन्ही वेळा, वर्षानुवर्षं. कुणाला तिखट चालत नाही, कुणाच्या घरी दुःख आहे, हे मला ताटावरून कळतं. आमच्या मालकांचं मोटारी भरायचं दुकान. आमच्याकडे नवऱ्याला मालक म्हणतात, काही मालकीचं उरलं नसलं तरी म्हणतात. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीत नव्यानं तांब्याची तार गुंडाळायची, असं नाजूक हाताचं काम. मोटार चालू झाली की शेतकरी खुशीनं पाजायचे, आणि परभणीच्या उन्हाळ्यात मोटारी काय कमी जळतात? पुढं पुढं हात असे थरथरायला लागले की तार तुटायची आणि लोक मोटार दुसरीकडे न्यायचे. आधी दोनदा त्यांना दुसरीकडे ठेवलं होतं, दोनदा घरी आणलं, दोनदा ते घसरले. तिसऱ्यांदा मी त्यांना डॉक्टरसाहेबांसमोर आणून बसवलं तेव्हा माझ्यातला जीव संपला होता.

डॉक्टरसाहेबांनी मालकांची पापणी ओढून बघितली, जीभ बघितली, आणि मग त्यांना तसंच सोडून माझ्याकडे वळून विचारलं, "ताई, तुमचा खांदा कसा हाय?" मी म्हटलं, आजारी हे आहेत, माझ्या खांद्याचं काय घेऊन बसलात? तर म्हणाले, जोडीतला एक बैल बसला की सगळी ओढ दुसऱ्यावर येते, त्याचा खांदा सुजतो, सोलतो, आणि लोक इलाज करत राहतात बसलेल्याचा. म्हणून आपण आधी उभ्या बैलाला बघतो. माझं डोकं सटकलं. मला बैल म्हणता का, असं मी तोंडावर विचारलं. ते गंभीरपणे म्हणाले, "मी उगाच कुणाला बैल म्हणत न्हाई. त्याला लायकी लागते."

लायकी गेली चुलीत, मी त्यांना माझा निर्णय सांगून टाकला. मी ह्यांना सोडायला आले आहे, न्यायला येणार नाही. बरे झाले तर आनंद आहे, मग त्यांनी कुठंही जावं, माझ्या उंबऱ्यावर यायचं नाही. मालक खाली मान घालून ऐकत होते. मला वाटलं, आता हा माणूस मला संसार, सात जन्म, कुंकू असलं काहीतरी ऐकवणार, आणि मी उत्तरं तयार ठेवली होती. ते फक्त म्हणाले की तुमचं बरोबर आहे. ह्याचाही मला रागच आला. घरी येऊन मी कणकेला असं बडवलं की त्या दिवशीच्या पोळ्यांची पोरांनी तारीफ केली.

श्रावण संपत आला तेव्हा डॉक्टरसाहेबांचा फोन आला. न्यायला येऊ नका म्हणाले, पोळ्याच्या आदल्या सांजेला आमच्या लंगड्याची खांदेमळणी आहे, तेवढी बघून जा, आणि येताना डबा आणाल तर फाटकातून परत लावीन. पोळ्याला आमच्याकडे बैलांपेक्षा माणसंच जास्त झुलतात. सुटलेला दारुडा वर्षभर टिकतो आणि पोळ्याला बुडतो, म्हणून केंद्र त्या दिवसांत सगळ्यांच्या घरच्यांना बोलावून घ्यायचं. मी गेले. मन घट्ट करून, पण चांगलं लुगडं नेसून गेले, हे खरं आहे.

खांदेमळणी म्हणजे वर्षभर जू ओढून घट्टे पडलेले बैलाचे खांदे तुपाहळदीनं चोळायचे आणि त्याला उद्याचं जेवणाचं आवतण द्यायचं. लंगड्याचे खांदे पेशंटांनी चोळले, आवतण दिलं. मग डॉक्टरसाहेबांनी आणखी वाट्या आणवल्या, त्यांतही तूप आणि हळद. सगळ्यांना वाटलं आता घरच्यांनी ह्या बाप्यांचे खांदे चोळायचे. एका म्हातारीनं तर हौसेनं लेकाचा सदरा काढूनसुद्धा ठेवला. डॉक्टरसाहेब म्हणाले, "ह्यांचे खांदे कशाला? ह्यांनी कवा जू ओढलं? ज्यांनी ओढलं त्यांचे चोळा." एवढं बोलून त्यांनी वाट्या पेशंटांच्या हातात दिल्या आणि आमच्याकडे पाठ फिरवून ते लंगड्याचं शिंग पुसत बसले.

चारचौघांत बायकोच्या खांद्याला हात लावायची आमच्यात रीत नाही. म्हातारीच्या लेकानं आधी आईला धरलं, मग एकेक जण हलला. मालक वाटी घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. मी आधी त्यांच्या हाताकडे बघितलं. हात थरथरत नव्हता. मी म्हटलं, पदराला डाग पडेल. ते म्हणाले, पडला तर मी धुतो. ह्या माणसानं जन्मात स्वतःचा रुमाल धुतला नव्हता. त्यांनी माझ्या उजव्या खांद्यावर हात ठेवला, ज्या खांद्यावरून मी रोज पिठाचा डबा उतरवते त्या. मग मात्र हात थरथरला, पण ती थरथर दारूची नव्हती, एवढं मला इतक्या वर्षांत कळत होतं. बैलाला बोलतात तशा हळू आवाजात ते म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

मला त्यांनी लग्नापासून कधी अहोजाहो केलं नव्हतं. आणि जेवायला ये, असं मला कुणी म्हटल्याला तर किती वर्षं झाली होती ते आठवेना. अख्ख्या परभणीला जेवायला घालणारी बाई, तिला कोण जेवायला बोलावणार? मी रडले. सांगायला लाज कसली, ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी खानावळ बंद ठेवून मी जेवायला गेले. स्वयंपाक पेशंटांनी केला होता. पुरण सैल, गूळ कमी, आणि पोळी अशी की चपलेला टाच म्हणून लावावी. मालकांनी वाढलं आणि समोर उभे राहिले. मी सगळं ताट संपवलं, हात धुतला आणि म्हटलं, "कटात मीठ न्हाई. घरी चला, शिकवते." डॉक्टरसाहेब तिकडं लंगड्याला पोळी चारत होते, त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

त्यानंतर मालक एकदा घसरले, खोटं कशाला बोलू. पण तेव्हा त्यांना मी नेलं नाही, ते आपल्या पायानं केंद्रात गेले आणि आपल्या पायानं परत आले. आता मोटारी भरतात, तार तुटत नाही. पोळ्याच्या आदल्या सांजेला वाटी घेऊन येतात आणि दुसऱ्या दिवशी स्वयंपाक करतात. पुरण अजून सैलच होतं.

डॉक्टरसाहेबांचे मात्र गुडघे गेले. लंगड्या गेल्यावर त्यांनी केंद्र सोडलं आणि ते पूर्णेला, रेल्वेतल्या लेकाच्या क्वार्टरमध्ये राहायला गेले. गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही वाटी घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी खुर्चीतूनच मालकांची पापणी ओढून बघितली आणि मला खांद्याचं विचारलं. मी म्हटलं, बरा आहे. मग मालक वाटी घेऊन पुढं झाले. तुम्ही आमच्यासाठी लय ओढलंत, आज तुमचा खांदा मळू द्या, म्हणाले. डॉक्टरसाहेबांनी खांदा आखडून घेतला. "माझा न्हाई," एवढंच बोलले. काठी टेकत उठले, वाटीत बोटं बुडवली आणि भिंतीपाशी गेले. तिथं त्यांच्या बायकोचा फोटो होता. मी पीत होतो तवाच गेली, असं त्यांनी आमच्याकडे न बघता सांगितलं. फोटोच्या काचेवर, जिथं तिचा खांदा येतो तिथं, ते सावकाश हळद-तूप चोळत राहिले. आज आवतण घ्या, असं म्हणाले आणि थांबले. पुढचं त्यांच्या तोंडातून निघेना. शेवटी मालकांनीच मागून हळूच म्हटलं, उद्या जेवायला या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या सुनेचा फोन आला. बाबांनी पहाटेपासून स्वयंपाकघर अडवून ठेवलंय म्हणाली, कुणाला आत येऊ देईनात, आणि कटात मीठ किती घालायचं ते तुम्हाला विचारायलेत. मी म्हटलं, चव घेऊन बघा म्हणावं, कळेल. तिनं आत जाऊन विचारलं आणि परत येऊन सांगितलं, "ते म्हणतात, तिला वाढायच्या आधी मी चव कशी घेऊ?"

मग मी अंदाजानं सांगितलं.